घागर घेतलेली बाई

आमच्या सोलापूरच्या टॉकीजवर दाराशी तिकिटं फाडणारे मामा म्हणजे साक्षात दरबारी भालदार. तिकीट हातात घेऊन ते आपल्याकडे असे बघायचे, की ते आपण घरीच छापून आणलंय असं आपल्यालाही वाटावं. उशिरा येणाऱ्याला म्हणायचे, "या सरकार! तुमच्यासाठी राजाचं मरण थांबवून ठेवलंय!"

रविवारी सकाळी महायुद्धाच्या काळातले, तीस वर्षं जुने काळे-पांढरे चित्रपट लागत. त्यातल्या एकात नायिका नदीकाठी रडते आणि तिच्या मागून एक बाई घागर घेऊन जाते. तेवढ्यापुरते मामा दार सोडून आत येत आणि टोपी काढून उभे राहत. ती घागरवाली म्हणजे त्यांची बायको. कोल्हापूरला शूटिंगच्या गर्दीत एक दिवस गेलेली. वर्षभरात बाळंतपणात वारली. तिचा एकही फोटो नव्हता.

एका रविवारी फिल्म नेमकी तिथंच तुटली. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. ऑपरेटरनं फाटका भाग कापला, टोकं जोडली, आणि नायिका रडता रडता एकदम घरीच पोचली. सगळे हसले, मीही हसलो. मामा टोपी हातात धरून तसेच उभे.

खेळ सुटल्यावर ऑपरेटरनं तो कापलेला तुकडा त्यांना आणून दिला. मी म्हणालो, "घ्या मामा, फोटोच मिळाला की तुम्हाला!"

मामांनी तुकडा उन्हात धरून बराच वेळ बघितला.

"हाय की, दिसती," ते म्हणाले. "पन तितं ती चालत हुती हो. हितं नुसती उभी हाय."