लाइट लेलो

विद्यानगरच्या कोपऱ्यावर एसटीडी बूथ चालवणाऱ्या त्या चाचांचं नाव मी कधी विचारलंच नाही. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी मी या दखनी हिंदी बोलणाऱ्या परक्या शहरात एकटीच आले होते. रोज संध्याकाळी तिथून घरी फोन करायचे. आई रडत म्हणायची, "परत ये." हळूहळू मलाही ते पटायला लागलं होतं. चाचा मात्र अत्तराच्या रुमालानं रिसीव्हर पुसून द्यायचे आणि नंबर लागला की माझ्याआधी स्वतःच खूश व्हायचे.

एकदा फोन चालू असतानाच लाइट गेली. अंधाऱ्या केबिनमधून मी डोळे पुसत बाहेर आले. चाचा टेबलावर टॉर्च लावून बसले होते.

"कायकू रोते बेटा? लाइट लेलो."

मी "थँक्यू चाचा" म्हटलं, टॉर्च उचलला आणि सरळ हॉस्टेलवर गेले!

दुसऱ्या दिवशी टॉर्च परत द्यायला गेले, तर चाचा पोट धरून हसायला लागले. "ये लाइट नहीं बोला मैं! दिल पे नक्को लो, बोला."

"मग काल मला थांबवलं का नाही?" मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं.

"रस्ते पे अंधेरा था ना. लेके जाने दिया."

त्या संध्याकाळी आई पुन्हा रडायला लागली. मी म्हटलं, "आई, लाइट घे गं."

"म्हणजे? परत लाइट गेली का तुमच्याकडे?"

काचेपलीकडे चाचा तोच टॉर्च उगीच लावून-विझवून बघत होते.

"नाही," मी म्हटलं, "आत्ताच आली."