सफोकचा मेंढा आणि माझी बकरीद

सफोक हा इंग्लंडातला शेतीवाडीचा जिल्हा आहे आणि तिथल्या मेंढ्यांना शिंगं नसतात, हे ज्ञान मला साठच्या दशकात, दुबईत झालं.

आमचे साहेब त्याच जिल्ह्यातले. शेतीच्या प्रयोगासाठी त्यांनी तिकडून एक मेंढा बोटीने मागवला. काळं तोंड, काळे पाय आणि अंग (अल्ला शपथ!) खाडीतल्या पडावाएवढं. नावही जिल्ह्याचंच, सफोक. तेवढ्यात साहेबांना आठ दिवस बहारीनला जावं लागलं, म्हणून मेंढा दुबईच्या देरा भागातल्या माझ्या अंगणात बांधला गेला.

"कासिम, ह्याला काही झालं तर पुढच्या बोटीने तू रत्नागिरी!" जाताना साहेबांनी दम भरला.

त्याच आठवड्यात रत्नागिरीहून सासरे आले. अंगणातच थबकले.

"कोणाचा रे हा?"

"माझाच!" (सासऱ्यांसमोर कारकुनाची छाती फुगतेच, त्याला इलाज नाही.)

"सुभानअल्ला! बकरीदसाठी घेतलास?"

मी नुसता हसलो. त्यांनी ते 'हो' धरलं आणि गल्लीभर सांगून आले!

"अहो, अब्बांना खरं काय ते सांगा," माझी बायको रुकैया रोज कानाशी लागायची.

"उद्या सांगतो."

उद्या-उद्या करता ईद उजाडली. नमाजहून परततो तर दारात कसाई सुरीला धार लावतोय! सफोकच्या कपाळाला मेंदी, गळ्यात हार.

"यल्ला, चला, पाय धरा!" सासऱ्यांनी बाह्या सरसावल्या. चौघे मेंढ्याला भिडले. कसाई पुढे सरकला. एक पाऊल... दुसरं...

"थांबा!" मी किंचाळलो. "अब्बा, मेंढा साहेबांचा आहे! मी खोटं बोललो!"

चौघांनी हात काढले. सासरे माझ्याकडे असे बघत होते, की सुरी आता माझ्याकडे वळते की काय! मी दोन्ही हात पसरून मेंढ्यापुढे उभा राहिलो. म्हणजे पाठ त्याच्याकडे.

"अहो, मागे बघा!" रुकैया ओरडली.

बघायला वेळच मिळाला नाही. मी उडालो तो थेट पाण्याच्या पिंपावर!

कुर्बानी मग शेजाऱ्यांनी दिलेल्या बोकडावर भागली. दोन दिवसांनी साहेब आले, सफोकला कुरवाळून म्हणाले, "वेल डन, कासिम! बस ना."

कसा बसणार? त्या ईदला गळाभेटीला आलेल्या प्रत्येकाला मी खाटेवर पालथाच भेटलो. बिचारे वाकून, माझ्या मानेलाच मिठी मारून, हसू दाबत निघून गेले.