सोय नसल्याची पाटी

हडपसरला आयटीच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि वडिलांनी काढलेल्या आमच्या छोट्या हॉटेलात दुपारी पाय ठेवायला जागा उरेना. मिसळ, थालीपीठ, ताक एवढंच मिळायचं, पण कंपन्यांमधली पोरं रांग लावायची. आणखी दोन टेबलं बसावीत म्हणून मी आतले रिकामे सिलिंडर आणि मोडक्या खुर्च्या मागच्या संडासात कोंबल्या आणि त्याला कुलूप घातलं.

मग लोक विचारायला लागले. दिवसातून दहा वेळा "टॉयलेट कुठे आहे?" ऐकून माझं डोकं फिरायचं. शेवटी मी पाटी रंगवून घेतली: 'येथे फक्त खाण्यापिण्याची सोय आहे. त्यापुढचे कार्यक्रम आपापल्या घरी उरकावेत.' पाटी गाजली. पोरं तिच्याखाली उभी राहून फोटो काढायची. पुणेकराला याहून मोठा मान कुठला? कुणी विचारलं तर मी तोंडसुद्धा उघडत नसे, नुसतं पाटीकडे बोट करत असे. त्या बोटाची मला आज लाज वाटते.

एका दुपारी वारज्याहून दोन बस बदलून एक आजी-आजोबा आले. मुलगा जवळच्याच कंपनीत होता, त्याची मीटिंग संपेपर्यंत थांबायचं होतं. हे आजींनी आपणहून सांगितलं. आजोबा कडक इस्त्रीचा सदरा, करडी पँट, अगदी टापटिपीचे. त्यांनी थालीपीठ मागवलं. थोड्या वेळाने आजोबा एकटेच गल्ल्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "अहो, जरा लघवीला जायचं होतं. ऑपरेशन झालंय माझं, धरवत नाही."

मी हिशेबातून मान वर न काढता बोट दाखवलं. त्यांनी पाटी वाचली. रांगेतली पोरं हसली, मीही हसलो.

"मग आसपास कुठे?"

"पुढे पेट्रोल पंप आहे. दहा मिनिटं चालावं लागेल."

कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती. आजोबा "बरं, बरं" म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

पाचेक मिनिटांनी त्यांच्या टेबलावर पाण्याचा जग आडवा झाला. सगळं पाणी आजोबांच्या मांडीवर. पँट, खुर्ची, फरशी, काही कोरडं राहिलं नाही.

"माझाच धक्का लागला बाई," आजी चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ह्यांना पार भिजवलं की मी." आजोबा वर बघतच नव्हते.

मी वैतागून उठलो. "आजी, जरा बघून. ऐन गर्दीत आता पुसायचं कुणी?"

"माफ करा हं. चुकलंच माझं."

"असू दे. पुढच्या वेळी सांभाळा."

थालीपीठ अर्धं टाकून त्या निघाल्या. एका हाताने आजोबांचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हाताने आपली कापडी पिशवी त्यांच्या पुढ्यात धरली होती.

फरशी पुसणाऱ्या मावशी जेवायला गेल्या होत्या, म्हणून फडकं मीच घेतलं. खुर्ची पुसायला वाकलो आणि वास आला. मग कळलं, जग धक्क्याने पडलाच नव्हता.

मी रस्त्यावर धावलो. बसस्टॉपपर्यंत जाऊन आलो, पण ते कुठे दिसले नाहीत. त्याच संध्याकाळी सिलिंडर बाहेर काढले, संडास घासून घेतला, पाटी उतरवली. दोन टेबलं गेली ती गेलीच.

जुनी गिऱ्हाइकं अजून विचारतात, "ती पाटी काढलीत होय? भारी होती." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. खरं सांगायची हिंमत होत नाही. त्या बाईंनी नवऱ्याची अब्रू झाकायला माझी माफी मागितली, आणि मी मोठ्या मनाने त्यांना माफ केलं.