तिसऱ्यांदा राहिलेलं त्रिशरण

राहुल गेल्यापासून मी बुद्धविहारात जाणं सोडलं होतं. राहुल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, शोभाचा, एकुलता एक मुलगा. शांतिसेनेची निळी टोपी घालून आफ्रिकेत गेला आणि पेटीतून परत आला. शोभाचा प्रश्न साधा होता. "भाऊ, मरताना लेकरापाशी कोनी होतं काय रे?" सरकारी पत्रात 'कर्तव्य बजावताना' एवढंच लिहिलेलं. मी निवृत्त मास्तर, जन्मभर उत्तरं दिली. याचं देता येईना.

यंदा त्याच्या स्मृतिदिनाला विहाराच्या समितीनं पांढरकवड्याजवळ हायवेवर फ्लेक्स लावला. अध्यक्षांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा, राहुल खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. मी विचारलं, "शहीद तुम्ही झाले काय?" अध्यक्ष हसले. "मास्तर, तुमाले काहीच पटत नाही बा!"

स्मृतिदिनाच्या सकाळी शोभा खिरीचं पातेलं घेऊन विहारात बसली होती. मी तिला सोडायला आलेलो, चपला न काढता दाराशीच उभा. तेवढ्यात समोर ट्रक थांबला. ड्रायव्हर तेलंगणातला, फौजेतून निवृत्त झालेला. फ्लेक्सखालच्या टपरीवर चहाला उतरला आणि त्या तिकिटाएवढ्या फोटोत त्यानं आपला फौजेतला जोडीदार ओळखला. पत्ता टपरीवाल्यानं दिला.

"माताजी, उसका सर मेरी गोद में था," तो शोभाला म्हणाला. "कुछ बोल रहा था, गाने जैसा. दो बार पूरा बोला. तीसरी बार बीच में रुक गया." शब्द त्याला येत नव्हते, चाल त्यानं गुणगुणून दाखवली.

ते त्रिशरण होतं, बुद्ध, धम्म, संघाला शरण जाण्याचं. आम्ही ते तीनदा म्हणतो. शोभानंच त्याला लहानपणी शिकवलेलं. ती उठली, हात जोडले आणि राहुलची तिसरी खेप तिनं पुरी केली. मी चपला कधी काढल्या, तिच्या आवाजात माझा कधी मिसळला, सांगता येणार नाही. मग तिनं त्या माणसाला पहिली वाटी दिली. "खाय बाबा," म्हणाली, "तू होतास ना तिथं."

याला कोणी योगायोग म्हटलं तर मी भांडणार नाही. चमत्कार आमच्यात बसतच नाही. पण शरण जाणं म्हणजे हरणं, असं मी समजत होतो. उत्तर माझ्याच हातून, मला पटेल त्याच वाटेनं यावं, हा हट्ट त्या दिवशी सुटला आणि फार हलकं वाटलं.

फ्लेक्स अजून तिथंच आहे. येता-जाता मी त्याला हात जोडतो. अध्यक्षांना वाटतं, त्यांनाच जोडतो. वाटू द्या.