वाहून गेलेल्या मातीची मालकी

अतिवृष्टीने माझे गोदाकाठचे वावर खरडून नेले, तेव्हा माती कुठे गेली हे शोधावे लागले नाही. ती बांधाखालच्या शेजाऱ्याच्या उसात गुडघाभर साचली होती. माझ्याकडे मुरूम उरला, त्याच्याकडे गाळ आला. शासनाच्या मदतीत दोन्हींना स्वतंत्र रकाने आहेत. माझ्या नुकसानीचे नाव 'जमीन खरडून जाणे', त्याच्या नुकसानीचे 'गाळ साचणे'. दोन्हीकडची माती एकच, हे लिहायला मात्र रकाना नव्हता.

शेजारी वयाने माझ्या मुलाएवढा. पंचनाम्याच्या दिवशी तलाठ्यासमोरच म्हणाला, "काका, तुमचं वावर माझ्याकडं मुक्कामाला आलंय. जेवायला काय घालू त्याला?"

"तुझा ऊस खाल्लाय की त्यानं," मी म्हणालो. तलाठीही हसला. हसणे तेवढ्यावरच संपले.

उपाय साधा होता. रब्बीच्या पेरणीआधी ती माती ट्रॅक्टरने आणून पुन्हा माझ्या वावरात पसरायची. शेजारी तयार होता, ट्रॅक्टरही त्याचाच. परंतु परवान्यावाचून माती वाहिली तर वाहन जप्त होते, हे मला ठाऊक होते. मी तहसील कचेरीत रीतसर अर्ज केला. सदर माती आपली असल्याचा पुरावा जोडावा, असे कचेरीने कळवले. मी सातबारा जोडला. सातबारा जमिनीचा असतो, मातीचा नव्हे, असे लिपिकाने तोंडी सांगितले. तेच मी लेखी मागितले, तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्हाला भांडायचंय का माती पायजे?"

मला माती हवी होती. मदतीची रक्कम मुरमावर पेरता येत नाही. स्वतःच्या शेतातली माती स्वतःच्या शेतात नेण्यास कोणत्या नियमाने अटकाव होतो, हे मी आधी कचेरीला, मग तिच्या वरिष्ठांना, मग जिल्ह्याला विचारले. प्रत्येक पत्राची पोच मिळाली. निर्णय कोणीही दिला नाही.

दरम्यान शेजाऱ्याच्या खात्यात गाळ काढण्याची मदत जमा झाली. मुदतीत गाळ हटवून मोकळ्या शेताचा फोटो दिला नाही, तर ती वसूल करू, असे त्याला बजावले होते. मुदत संपत आली तसा तो माझ्या घरी आला.

"काका, आला का कागद?"

"नाही."

"वीटभट्टीवाला मागं लागलाय. फुकट उचलतो म्हणतो. त्याच्यापाशी परवाना हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "न्हाईतर तुम्ही फक्त व्हय म्हणा. मी पहाटं पहाटं टाकतो तुमच्यात. कोण बघतंय?"

माझ्या मातीची वीट करायला परवाना होता, तिच्यात ज्वारी पेरायला नव्हता. त्याला हो म्हणावेसे वाटले. पण ट्रॅक्टर त्याने हप्त्यावर घेतलेला. तो जप्त झाला असता तर माझ्या मातीपायी त्याचे घर बसले असते. आणि ज्या कायद्याच्या बळावर मी कचेरीला जाब विचारत होतो, तो मीच मोडल्यावर पुढच्या पत्रात काय लिहिणार होतो?

"भट्टीला दे," मी म्हणालो.

"मंग वाट?" त्याने विचारले.

त्याच्या उसातून बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. भरल्या गाड्या माझ्या मुरमावरूनच जाणार होत्या. त्यांना मनाई करण्याचा हक्क मला होता, आणि त्याचे कलमही मला पाठ होते. दुसऱ्या दिवशी भट्टीचे ट्रॅक्टर आले तेव्हा मी वाटेवरची काट्यांची कुपाटी ओढून बाजूला केली आणि शेवटची ट्रॉली जाईपर्यंत तिथेच उभा राहिलो.