फुकट दिलेला वजीर

ऐन तिशीत, स्पर्धेच्या शेवटच्या डावात, शिंपीकाकांनी वजीर फुकट दिला. समोरच्या साडूने गडबडून डाव सोडला. काकांची इतकी वाहवा झाली की त्यांच्या विजारींचीही पत वाढली. साडूने मात्र पुन्हा पटाला हात लावला नाही.

चाळीस वर्षांनी नातीने तो डाव फोनमध्ये घातला. "आजोबा, समोरचा राजा एक घर सरकला असता तर तुमचा खेळ खलास होता!"

काका तडक साडूकडे गेले. "तू जिंकत होतास रे."

"ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तोवर तू डावाच्या चालींचा कागद चौकटीत घालून दुकानात टांगला होतास."

"आज खेळू या?"

"घोडा कसा चालतो तेही विसरलो मी," साडू म्हणाला.