गाठी मारलेल्या वायरी

दुसऱ्याने केलेलं वायरिंग उघडून बसलेल्या माणसाला देवानेसुद्धा शांत राहायला सांगू नये. माझ्या तर मुळातच नाकावर राग. त्यात डॅशबोर्डखाली मान वाकडी करून अर्धा तास झालेला, घामात धूळ मिसळून तोंडाला लेप बसलेला, आणि समोर एकाच जाडीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या सात-आठ वायरी. गाडीतल्या रेडिओचा मूळ प्लग कुणीतरी सरळ छाटून टाकला होता. प्रत्येक सांध्यावर टेपऐवजी फुग्याचं रबर चढवलेलं, आणि ते उन्हाने वितळून काकवीसारखं चिकट झालेलं. त्यावर पुन्हा जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याने बांधून गाठी मारलेल्या. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन, तर कुठे नुसताच दोरा गुंडाळलेला.

कुठल्या गाढवाने हे केलंय, असं मी मोठ्याने विचारलं. एकदा नाही, त्या सकाळी निदान दहा वेळा विचारलं. बाबा दहा पावलांवर पडवीत खुर्चीत बसले होते.

बाबांना दिसत नाही. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही गेलं. आता उजेड आहे की नाही एवढंच कळतं. आई गेल्यापासून त्यांचा चहा माझी बायको हातात देते, ताटातली भाजी कुठे आहे ते माझी मुलगी सांगते, दाढी मी करतो. सगळं दुसऱ्याच्या हातून. फक्त एक गोष्ट ते स्वतः करायचे. सकाळी सात वाजायच्या आत भिंतीला हात लावत अंगणात यायचे, चिकूखाली उभ्या असलेल्या आमच्या जुन्या गाडीचं दार उघडायचे, चावी फिरवायचे आणि रेडिओचं बटण डावीकडून उजवीकडे वळवायचे. टक्क असा आवाज व्हायचा आणि मराठी बातम्या लागायच्या. माझी आत्या वाढवणला दिलेली, त्यामुळे तिथे होऊ घातलेल्या बंदराचं काय चाललंय हे ऐकल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. घरात मोबाइल आहेत, टीव्ही आहे. पण ते लावायला कुणाला तरी हाक मारावी लागते. गाडीच्या रेडिओला कुणी लागत नव्हतं.

तो रेडिओ आधी खरखरायला लागला आणि एका आठवड्यात मुका झाला. बाबा तरी रोज जाऊन बसायचे, बटण वळवायचे, टक्क ऐकायचे आणि परत यायचे. मला ते बघवेना. म्हटलं, बदलूनच टाकू.

मी तलासरीला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. गाड्यांचं काम शिकलेलो नाही, पण बाइकचं सगळं स्वतः करतो, व्हिडिओ बघून गाडीचे ब्रेकही बदललेत. तेव्हा रेडिओ म्हणजे काय मोठं, असा माझा तोरा. शनिवारी सुटल्यावर नाक्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदार गुजरातच्या हद्दीवरच्या वेवजीचा. त्याने हातभर काचेचा सेट काढून दाखवला. गाणी, नकाशा, मागचा कॅमेरा, सगळं बोट लावलं की हजर. मी सहज म्हटलं, बटणवाला नाही का. तो हसला. "बटणवाळुं हवे कोण ले छे, भाई?" बटणवालं आता घेतं कोण, हे मलाही पटलं. वीस वर्षांच्या गाडीत ही काच चमकताना मला दिसायलाही लागली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी तो खोका बाइकला बांधून डहाणूला आणला. बटणवालाच हवा होता, हे तासाभरापूर्वी माझ्याच तोंडून आलं होतं आणि माझ्याच कानांत शिरलं नव्हतं.

रविवारी सकाळी जुना सेट करवतीच्या पात्याने उचकटून बाहेर काढला. मागे तो वायरींचा गुंता. फुग्याचं रबर बघून मला खरं तर कळायला हवं होतं. आमच्या डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत आणि ज्या घरातलं कुणी तिथे कामाला, त्या घरात नापास फुग्यांच्या पिशव्या पडलेल्या असतात. नळ गळला, बांध फुगा. लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल झालं, ताण फुगा. सायकलचा व्हॉल्व्ह गेला, काप फुगा. बाबांनी सगळं आयुष्य तिथे साचे रबरात बुडवण्यात काढलं. पण अर्ध्या डहाणूला ही खोड आहे, म्हणून मी आपला कुठल्या तरी गॅरेजवाल्यावर राग काढत बसलो. रबर तरी समजू शकतो, पण या गाठी कशाला? वायरी आहेत की नवसाचे दोरे?

मी कटर घेतला आणि सगळे सांधे गाठींसकट कापून टाकले. स्वच्छ काम करायचं होतं ना मला.

कापल्यावर माझ्या हातात सात-आठ सारखीच पांढरी टोकं राहिली. बॅटरीची कुठली, चावीची कुठली, स्पीकरची कुठली, काही पत्ता नाही. टेस्टिंगचा दिवा शेजाऱ्याकडे होता. उठून मागून आणायचा, तर तेवढाही धीर नव्हता. अंदाजाने जोडल्या. फ्यूज उडाला. उलट्या जोडल्या. फ्यूज उडाला. जवळचे तिन्ही फ्यूज संपल्यावर मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार खोचली. दुसऱ्याला गाढव म्हणायचा हक्क माणसाने नेमका कुठे गमावला, हे विचाराल तर तिथे.

धूर मला दिसायच्या आधी बाबांना वास आला.

"जळतंय. बॅटरीची तार काढ आधी," ते पडवीतून म्हणाले.

मी धावत जाऊन बॉनेट उघडलं, तार काढली. तोंड चालूच होतं. त्या गॅरेजवाल्याच्या सात पिढ्या मी बाहेर काढल्या. तोवर बाबा भिंत, मग झाड, मग गाडीचा टप असे हात लावत आले, शेजारच्या सीटवर बसले आणि डॅशबोर्डच्या खळग्यात हात घातला. बोटं वायरींवरून फिरली आणि थांबली.

"गाठी कुठेयत?"

"कापल्या," मी म्हटलं.

त्यांनी हात आणखी आत घातला, कोपरापर्यंत. आतून एक वायर ओढून माझ्या बोटांत दिली. टोकापासून वीतभर आत तसाच नायलॉनचा दोरा होता, तशीच गाठ. एक गाठ बॅटरीची, ते म्हणाले. दोन गाठी चावीची. तीन असतील ती बॉडीला, अर्थिंगची. दोरा आहे पण गाठ नाही, त्या स्पीकरच्या. मग म्हणाले, "एखादं गाढव पुढचं कापून टाकेल म्हणून आत पण मारून ठेवलेल्या."

आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. माझे कान गरम झाले. सकाळपासून मी कुणाच्या नावाने शिमगा करत होतो आणि तो माणूस दहा पावलांवर बसून ते सगळं ऐकत होता.

ते सांगत गेले तसा मी जोडत गेलो. तांब्याची तार काढून शेजाऱ्याकडून आणलेला फ्यूज बसवला, बॅटरी परत लावली. काच उजळली, गाणं लागलं. जीव भांड्यात पडला माझा. बाबांनी हात पुढे केला. बोटं काचेवरून डावीकडून उजवीकडे गेली, वरून खाली आली. मधेच गाणं बंद पडलं, कसला तरी नकाशा उघडला. त्यांनी कडा चाचपल्या. कडेलाही सगळं गुळगुळीत.

"आवाज कुठनं वाढवायचा?"

मी त्यांचं बोट धरून योग्य जागी ठेवलं. ते उचलून त्यांनी पुन्हा ठेवलं, तर ते भलतीकडेच पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. "छान आहे," म्हणाले आणि उतरायला लागले. मला त्या दुकानदाराचा राग आला, काचा बनवणाऱ्यांचा आला, बाबांच्या त्या समजूतदार "छान आहे"चा तर सगळ्यात जास्त आला. स्वतःचा राग यायला अजून थोडा अवकाश होता.

त्यांना थांबा म्हटलं. तो जुना सेट हातात घेतला आणि नुसता लावून बघावा म्हणून त्याच वायरींना जोडला. बटण वळवलं. टक्क. खणखणीत आवाजात कुणीतरी भातावरच्या रोगाबद्दल बोलत होतं. सेटला काही झालंच नव्हतं. कापून टाकलेले सांधे उलगडून बघितले तेव्हा कळलं, खाऱ्या हवेने फक्त तीन गाठींचा सांधा रबराखाली हिरवा होऊन सुटला होता. दोन मिनिटांचं काम.

तो सेट मी पुन्हा बसवला. बाबांनी कपाटातून नायलॉनचा दोरा आणायला सांगितला, तो बायकोने आणून दिला. मी टेप लावायची, त्यांनी वरून गाठी मारायच्या. माझी जीभ तेव्हाही गप्प बसेना. एवढा उपद्व्याप कशाला, मी विचारलं, रंगीत टेप मिळते बाजारात, लाल लावा, पिवळी लावा.

"रंग दिसायला हवेत ना," ते म्हणाले.

मला वाटलं, ते आजचं बोलतायत. मग हातातली वायर तशीच राहिली. हे वायरिंग अकरा वर्षांपूर्वीचं होतं. मुलगी झाली त्या वर्षी त्यांनी भंगारातून हा मोठ्या बटणांचा सेट आणला होता, आणि लोक स्क्रीन लावतात, तुम्ही हे डबडं आणलंत, असं मीच त्यांना हसलो होतो. डोळ्यांचं तर त्यांनी आम्हाला चार वर्षांनी सांगितलं. मधली चार वर्षं ते गाडी चालवत होते.

त्याच वर्षी चारोटीला चहा पिऊन निघताना त्यांनी गाडी मागे घेत उभ्या टेम्पोवर घातली होती. मी हॉटेलासमोर, चार लोकांत त्यांच्यावर ओरडलो होतो. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून. ते म्हणाले होते, लक्ष नव्हतं रे, चुकलं. बेफिकीर म्हणवून घेतलं, पण दिसत नाही म्हणून सांगितलं नाही. आणि त्याच पावसाळ्यानंतर माझी महिन्याची मुलगी तापाने फणफणली, मी कामावर होतो, तर हाच माणूस तिला आणि माझ्या बायकोला घेऊन हायवेने कंटेनरांच्या मधून वापीला दवाखान्यात गेला होता. मी तेव्हा त्यांच्या पाया पडलो होतो.

तळपायाची आग मस्तकात गेली. अंगणात उभं राहून मी म्हाताऱ्या, आंधळ्या बापाला नको नको ते बोललो. मुलगी दारातून बघत होती तरी बोललो. माझ्या लेकराचा जीव तुम्ही कुणाला विचारून पणाला लावलात? शेवटी डॉक्टरचं वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं. "वेळेत आला असतात तर नुसत्या थेंबांवर निभावलं असतं. तेव्हा सांगितलं असतं तर डोळे राहिले असते तुमचे."

बाबांनी हातातली गाठ आधी पूर्ण केली.

"तेव्हा सांगितलं असतं तर तू चावी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती," मी म्हटलं. "त्याच दिवशी."

ते मान हलवून आत गेले. मी हत्यारं आवरली, गाडीच्या खिडक्यांच्या काचा वर केल्या, दार आपटलं.

सोमवारी माझी पहिली पाळी. सहाच्या आधीच निघालो. स्टोअरचं कुलूप उघडायला खिशात हात घातला आणि दोन चाव्या हाताला लागल्या. एक स्टोअरची. दुसरी गाडीची.

मी मुद्दाम आणली नव्हती. काल रागात काढून खिशात टाकली असणार, आणि सकाळी तीच पँट चढवली. हे मी स्वतःला दोनदा सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच मिनिटं कमी होती. सुपरवायझरला घरी अडचण आहे म्हटलं आणि बाइक काढली. तलासरी ते डहाणू पाऊण तास लागतो. बातम्या दहा मिनिटांच्या असतात.

गाडीचं दार उघडं होतं. बाबा आत बसले होते, एक हात रेडिओच्या बटणावर. बायको पडवीत चहाचा कप घेऊन उभी होती. तिने सांगितलं, तासभर असेच बसलेत, चावी कुठे आहे हे मला विचारलंसुद्धा नाही.

बाइकच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. मान वळवली नाही.

"घेतलीस ना," ते म्हणाले.

नाही म्हणावं असं खूप वाटलं. मी चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी फिरवून सुलटी केली आणि लावायची फट शोधायला लागले. ती दोनदा चुकली. मी हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा ती बसली, त्यांनी फिरवली आणि बटण वळवलं. बातम्या केव्हाच संपल्या होत्या. भाजीपाल्याचे भाव चालले होते, ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.